उभ्या गाडीची जागा

मोटारगाडी तिच्या आयुष्यातला बहुतेक काळ उभी असते. वाहतुकीचे नियोजन मात्र तिच्या धावण्याचे होते. रस्ता किती रुंद हवा, पूल किती टनांचा भार सोसेल, वळणावर वेग किती असावा, हे सारे आधी ठरते. थांबल्यावर ती कुठे राहील, हा प्रश्न ज्याच्या दारात ती थांबते त्याच्यावर सोडून दिला जातो. वस्तीतल्या पार्किंगचे बहुतेक तंटे इथेच सुरू होतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत त्यांना आणखी एक पदर आहे. तिथे वस्तीत उभी राहणारी मोठी गाडी बहुधा वस्तीच्या गरजेची नसते. ती वाघ पाहायला आलेल्याची असते, डोंगरातून खनिज नेणाऱ्याची असते, नाहीतर देवीच्या दर्शनाला आलेल्याची असते.

पाश्चात्त्य देशांत हा वाद प्रामुख्याने फिरत्या घरांचा आहे. अमेरिकेत निवृत्त जोडपी मोठमोठ्या कॅम्पर गाड्या बाळगतात. वर्षातले काही आठवडे ती गाडी प्रवासात असते आणि उरलेले महिने घरापुढे. शेजाऱ्याच्या खिडकीतून उजेड येईनासा होतो, गल्लीच्या तोंडावर समोरचे दिसत नाही, आणि मग नगरपालिका किंवा घरमालकांचा संघ नियम करतो की एवढ्या लांबीची गाडी पुढच्या अंगणात ठेवायची नाही, रस्त्यावर इतक्या तासांहून अधिक उभी करायची नाही. ब्रिटनमध्ये १९६० च्या कॅराव्हॅन कायद्याने जागेला परवाना सक्तीचा केला. घराच्या आवारात, घरच्याच वापरासाठी ठेवलेल्या कॅराव्हॅनला मात्र त्यातून सूट दिली. दोन्हीकडे भांडण सारख्याच ऐपतीच्या शेजाऱ्यांचे आहे आणि गाडी ही एकाची हौस आहे.

महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे, म्हणजे फिरते घर कुठे थांबेल याचा विचार निदान कागदावर आधी झाला. या दोन जिल्ह्यांत अशी फिरती घरे विरळाच दिसतात. ज्या गाड्या खरोखर हजारोंनी येतात त्यांच्यासाठी मात्र असा विचार धोरणाच्या पातळीवर क्वचितच दिसतो. नसलेल्या गाडीला पार्क आणि असलेल्या गाडीला पांदणीचे तोंड, असा हा हिशेब आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते, कारण ती थोडकीच आहे. घरासमोरचा सार्वजनिक रस्ता घरमालकाचा नसतो. रस्त्यावरून घरात जाण्यायेण्याचा हक्क त्याला असतो, पण त्या जमिनीवर त्याची मालकी नसते. फाटकाला स्वतःच ‘नो पार्किंग’ची पाटी टांगणाऱ्याला किंवा जागा अडवायला दगड आणि जुने टायर मांडणाऱ्याला हे सहसा मान्य नसते. दुसऱ्या बाजूला, मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १२२ सांगते की इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने गाडी सार्वजनिक जागी उभी करता येत नाही. कलम १२७ नुसार दहा तास किंवा अधिक काळ कोणी नसताना सोडलेली गाडी पोलिसांना हलवता येते. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली वाट अडवणाऱ्याला पाच हजारांपर्यंत दंड आहे. जुन्या दंडविधानात तो दोनशे रुपये होता. गावात ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५३ पंचायतीला रस्त्यावरचा अडथळा काढण्याचा अधिकार देते.

या कलमांची मुख्य कसोटी एकच आहे: वाट अडली का? वस्तीला होणारा त्रास त्या कसोटीत पुरता बसत नाही. पहाटे चार-साडेचारला सुरू होणारे इंजिन, रात्रभर घराच्या भिंतीला लागून उभा असलेला डिझेलचा वास, ओट्यावर बसणे सोडून दिलेल्या बायका, यांपैकी कशानेही वाट अडत नाही. दहा तासांचा नियम तर ट्रकला लागतच नाही म्हटले तरी चालेल. चालक केबिनमध्ये झोपलेला असतो, मग गाडी सोडून दिलेली कशी म्हणायची? कायदा रहदारीच्या बाजूने विचार करतो. वस्तीच्या बाजूने विचार करण्याचे काम त्याने स्थानिक संस्थेवर टाकले आणि स्थानिक संस्थेला त्यासाठी जमीन दिली नाही.

ताडोबाचे उदाहरण यासाठी नीट पाहण्यासारखे आहे. ताडोबा हे १९५५ सालचे, महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. त्याला पुढे अंधारी अभयारण्य जोडले गेले आणि व्याघ्र प्रकल्प झाला. गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, भोवतालचे बफर त्याहून बरेच मोठे. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, पांगडी, झरी ही गाभ्याच्या दारांवरची गावे. बफरच्या दारांवर आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंझा अशी आणखी. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातले पर्यटन तात्पुरते थांबवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांसह ते पुन्हा सुरू झाले. त्या सूचनांतली एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे धारणक्षमता. एका वेळी जंगलाला किती गाड्या सोसतील हे मोजायचे आणि त्याहून अधिक सोडायच्या नाहीत. ताडोबाच्या प्रत्येक दारावर सकाळ-दुपारच्या गाड्यांचा कोटा ठरलेला असतो तो याच विचारातून.

वाघाच्या जंगलाला किती गाड्या सोसतील हे मोजले गेले. दारावरच्या गावाला किती सोसतील हे मोजायला कोणी बसले नाही. या लेखाचे म्हणणे एवढ्यात येते. बाकी सारे त्याचे तपशील आहेत.

बाहेरची खासगी गाडी आता गाभ्यात नेता येत नाही. सहा पर्यटकांना एक जिप्सी, सोबत स्थानिक मार्गदर्शक, अशी रचना आहे आणि ती चांगलीच आहे. तिने गर्दी आवरली आणि गावच्या तरुणांना रोजगार दिला. पण तिचा एक साधा परिणाम असा की आत जाणाऱ्या प्रत्येक जिप्सीमागे बाहेर एक-दोन मोटारी चार-चार तास थांबतात. ज्यांचा मुक्काम रिसॉर्टमध्ये असतो त्यांच्या गाड्या रिसॉर्टच्या आवारात राहतात. नागपूरहून किंवा चंद्रपूरहून पहाटे निघून एकाच फेरीसाठी येणाऱ्याची गाडी जागा मिळेल तिथे लागते. शाळेच्या कुंपणाशी, पाण्याच्या टाकीखाली, धानाच्या बांधावर, पांदणीच्या तोंडावर. शेतात जाणारी बंडी अशा वेळी मागे फिरते आणि बंडीवाला ज्याला विचारणार तो गाडीचा मालक त्या वेळी जंगलात असतो, तिथे भ्रमणध्वनी वापरायला मनाई असते.

हंगामांची गाठही वाईट पडली आहे. पावसाळ्याचे तीन महिने गाभा बंद असतो आणि १ ऑक्टोबरला उघडतो. दसरा-दिवाळीच्या सुट्ट्यांत पर्यटकांची पहिली लाट येते, नेमका तेव्हा हलका धान कापणीला आलेला असतो आणि मग भारी धानाची पाळी लागते. रस्त्याची कड तेव्हा गावाचे खळे असते. दुसरी लाट मार्च ते मेची. वाघ पाणवठ्यावर हमखास दिसतो म्हणून पर्यटक उन्हाळा निवडतो, आणि मोहफूल वेचायला व तेंदूपाने तोडायला गावकरी तोच उन्हाळा निवडतात, कारण त्यांना दुसरा निवडता येत नाही. पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन निघालेली बाई आणि दारावर नंबर लावायला निघालेली जिप्सी एकाच अरुंद रस्त्यावर असतात.

जिप्सीची गोष्ट वेगळी आहे, कारण ती घरचीच आहे. ती बहुधा स्थानिकाच्या मालकीची, पुष्कळदा कर्जावर घेतलेली असते. मारुतीने ही गाडी सर्वसामान्य ग्राहकांसाठी बनवणे २०१९ च्या सुमारास थांबवले, त्यामुळे आहे ती जपावी लागते आणि जपायची म्हणजे घराजवळ ठेवावी लागते. मंगळवारी ताडोबा बंद असतो. त्या दिवशी सगळ्या जिप्सी गल्लीत असतात, धुतल्या जातात, खोलल्या जातात, ऑईल बदलले जाते. पावसाळ्यात तर त्यांतल्या कित्येक ताडपत्रीखाली महिनोन्महिने उभ्या राहतात. इंग्लंडमधल्या अंगणात हिवाळाभर पडून राहिलेल्या कॅराव्हॅनशी तिचे साम्य इथे सर्वांत अधिक आहे. पण तक्रार क्वचितच होते. जिप्सी पुतण्याची असते, नाहीतर ज्याच्याकडून अडीअडचणीला पैसे घेतले त्याची असते. सांदवाडीत गोठा होता तिथे गाडी आली, तणशीचा ढीग रस्त्याकडे सरकला, बैल समोरच्या झाडाला बांधले गेले, आणि शेजाऱ्याने ते चालवून घेतले. तक्रार नाही म्हणजे त्रास नाही, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. नात्याच्या वस्तीत तंटा पोलीस ठाण्यात जात नाही. तो पाण्याच्या नळावर किंवा पंचायतीच्या निवडणुकीत वेगळ्या नावाने निघतो.

दुसरे टोक गडचिरोलीत आहे. १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा अनेक वर्षे कमी रस्त्यांचा, कमी गाड्यांचा म्हणून ओळखला गेला. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजाने हे चित्र पालटले. लॉइड्स मेटल्सला २००७ मध्ये खाणपट्टा मिळाला, प्रत्यक्ष उत्खनन २०१६ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी डिसेंबरात माओवाद्यांनी खनिज वाहणारी वाहने मोठ्या संख्येने जाळली आणि काम थंडावले. २०२१ पासून ते पुन्हा जोरात सुरू झाले. २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टन उत्खननाची पर्यावरण मंजुरी मिळाली. हे सगळे खनिज तीस-तीस टनांच्या ट्रकांनी न्यायचे म्हटले तर वर्षाला सव्वातीन लाखांहून अधिक फेऱ्या होतात. दिवसाला नऊशेच्या वर भरलेले ट्रक आणि तितकेच रिकामे परतणारे. एटापल्ली, आलापल्ली, आष्टी ही गावे ज्या रस्त्यावर आहेत तो इतक्या गाड्यांसाठी बांधलेला नव्हता. रस्त्याची दुर्दशा, धूळ आणि अपघात यांविरुद्ध तिथे वारंवार आंदोलने झाली, ती सर्वश्रुत आहेत.

धावणाऱ्या ट्रकवर बोलले जाते. थांबलेल्या ट्रकवर कमी. भरण्यासाठी नंबर, काट्यावर नंबर, उतरवण्यासाठी नंबर, अशी तीनदा वाट पाहावी लागते आणि ती रस्त्याच्या कडेला पाहिली जाते. शिवाय चालकाला थांबावेच लागते. मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ ने दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा घातली होती आणि पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची केली होती. तो पाळला किती गेला हा प्रश्न वेगळा. पण कायद्यानेच थांबायला सांगितलेल्या माणसाला थांबायला जागा कुठे, याचे उत्तर कायद्यात नाही. वस्तीजवळ तो थांबतो त्याचे कारणही उघड आहे: पाणी, जेवण, टायरवाला, आणि रानातल्या रस्त्यावर एकट्याने रात्र काढण्याची भीती. या भागात ती भीती वाघाचीही आहे.

किती जागा लागते? नियमाने सलग चेसिसचा मालट्रक बारा मीटरपर्यंत लांब आणि २.६ मीटरपर्यंत रुंद असू शकतो. म्हणजे सुमारे ३१ चौरस मीटर. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर आहे. एका घरकुलाहून अधिक जमीन एक ट्रक रात्रभर वापरतो, आणि घरकुलासाठी जागेचा उतारा मागितला जातो, ट्रकसाठी नाही. ट्रेलर असेल तर दोन घरकुले धरावीत.

रस्त्याची कड म्हणजे रिकामी जागा, हा समज बाहेरच्या माणसाचा आहे. धान तिथे वाळतो, ढोरे तिथून चरायला जातात, बाजाराच्या दिवशी दुकाने तिथे लागतात, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे तिथे धावतात. ऑगस्ट २०२५ मध्ये गडचिरोलीजवळच्या काटली गावात महामार्गाच्या कडेला व्यायाम करणाऱ्या सहा मुलांना धावत्या ट्रकने उडवले आणि चौघे गेले. तो ट्रक उभा नव्हता, म्हणून त्या अपघाताचा दोष पार्किंगला देता येणार नाही. पण मैदान नसलेल्या गावात कडेवर किती जीवन चालते हे त्याने दाखवले. त्याच कडेवर जेव्हा ट्रकांची रांग लागते तेव्हा धावणारी मुले, सायकलवरच्या शाळकरी मुली आणि ढोरे डांबरावर ढकलली जातात.

सुरजागडजवळच्या हेडरीहून कोनसरीच्या पोलाद प्रकल्पाकडे खनिज नेणारी सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी २०२५ मध्ये सुरू झाली. खनिज दळून, पाण्यात मिसळून नळीतून जाते. नळवाहिनीचे पर्यावरणावरचे परिणाम, पाण्याचा प्रश्न, हा वेगळा विषय आहे. पार्किंगपुरते बोलायचे तर नळीला रात्री थांबावे लागत नाही. जो खर्च एरवी गावाच्या कडेवर पडत होता तो कंपनीने आपल्या वहीत घेतला, असाही याचा अर्थ होतो. तो घेता येत होता, हे त्यातून सिद्ध झाले.

चंद्रपूर शहराचा प्रश्न नेहमीच्या शहरी प्रश्नासारखा आहे, म्हणून त्यावर फार थांबण्याचे कारण नाही. गोंड राजांच्या परकोटाच्या आतले रस्ते हत्ती-घोड्यांच्या आणि बंड्यांच्या हिशेबाने आखलेले. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा या दरवाजांतून आजची वाहतूक कशीबशी निघते. परकोटाबाहेर कोळसा, सिमेंट आणि वीज यांवर वाढलेल्या वसाहती आहेत. पडोली आणि घुग्घुसकडे मालवाहतुकीचा राबता. शहरात जड वाहनांना प्रवेशबंदीच्या वेळा लावल्या की ट्रक वेशीवरच्या वस्तीत थांबतात. म्हणजे मधल्या वस्तीची सोय कडेच्या वस्तीच्या जिवावर होते. ले-आऊटमध्ये ट्रकमालक शनिवारी रात्री गाडी घरी आणतो, रविवारी तिची देखभाल करतो, आणि समोरच्या घराचे फाटक अर्धे उघडते. एमएच ३४ च्या त्या गाडीवर घर चालते हे शेजाऱ्याला ठाऊक असते. फाटक अर्धेच उघडते हेही ट्रकमालकाला ठाऊक असते.

याच शहरात उलट उदाहरणही आहे. चैत्रात महाकालीची यात्रा भरते. नांदेड, परभणी, हिंगोली, यवतमाळ आणि तेलंगणातून भाविक येतात. पूर्वी ते बंड्यांनी येत, आता ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांनी. कित्येक कुटुंबे गाडीतच किंवा गाडीच्या आडोशाला मुक्काम करतात. चूल तिथेच, झोप तिथेच, झरपट नदीवर आंघोळ. फिरते घर म्हणायचे तर या दोन जिल्ह्यांतले खरे फिरते घर हेच; त्याला कोणत्या धोरणाची वाट पाहावी लागली नाही. मंदिराभोवतीच्या वस्तीला त्या दिवसांत कमी त्रास होत नाही. आवाज, धूर, घाण, गर्दी सारे असते आणि महापालिकेवर टीकाही होते. तरी यात्रेच्या गाड्या हटवा अशी मागणी वस्ती करत नाही. मार्कंड्याच्या महाशिवरात्रीला आणि चिमूरच्या घोडायात्रेलाही हाच अनुभव.

श्रद्धा हे त्याचे एक कारण आहे, पण एवढ्याने भागत नाही. यात्रेतली गाडी ठरलेल्या तिथीला येते आणि ठरलेल्या तिथीला जाते. तिच्यासाठी जागा कोणती हे परंपरेने आणि आता प्रशासनाने ठरवलेले असते. आणि येणारा माणूस वस्तीशी व्यवहार करतो: नारळ, हळदकुंकू, बांगड्या, चहा, सरपण घेतो, कोणाच्या अंगणात गाडी लावली तर चार पैसे देतो. मुदत, जागा आणि मोबदला या तीन गोष्टी जिथे ठरलेल्या आहेत तिथे बारा मीटरचा ट्रकही खपतो. जिथे त्या ठरलेल्या नाहीत तिथे चार मीटरची जिप्सीसुद्धा खुपते. परदेशी नियम बहुधा लांबी-उंचीवर भर देतात. या जिल्ह्यांपुरते तरी गाडीच्या आकारावरचा नियम निरुपयोगी ठरेल.

जपानचा दाखला अशा चर्चेत नेहमी येतो. १९६२ पासून तिथे गाडी ठेवायला जागा आहे असे सिद्ध केल्याशिवाय मोटारीची नोंदणी होत नाही. जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी. महाराष्ट्रातही शहरांसाठी अशा नियमाची चर्चा अधूनमधून होते. मोहर्लीला किंवा आष्टीला त्याचा उपयोग नाही. तिथे त्रास देणारी गाडी नागपूरला, रायपूरला किंवा हैदराबादला नोंदलेली असते आणि तिच्या मालकाकडे तिकडे जागा असतेही. गावच्या जिप्सीवाल्याला मात्र तो नियम नेमका अडवील. उत्पन्न ज्याचे कमी त्याच्यावर बंधन आणि येणारा मोकळा, असा उलटा न्याय होईल.

मग मोकळ्या जागेत वाहनतळ करावा, हे उत्तर सोपे वाटते. इथे जंगलाच्या जिल्ह्यांची खास अडचण आहे. गडचिरोलीचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. गावाजवळचे जे पडीक, काटेरी, उघडे माळ दिसतात त्यांतले बरेचसे झुडपी जंगल म्हणून नोंदलेले आहेत, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांच्या झुडपी जंगलाला वनजमीनच मानले. केंद्राच्या मंजुरीशिवाय तिथे मुरूम टाकून गाड्या लावता येणार नाहीत. गायरान ढोरांसाठी आहे आणि त्याच्यावर आधीच सगळ्यांचा डोळा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंह निकालानंतर ते दुसऱ्या वापराला देणे कठीण झाले, आणि ते कठीण झाले हे बरेच झाले. उरते ती खासगी शेतजमीन. तिथे अकृषिक परवानगीचा प्रश्न येतो. म्हणून गाडी शेवटी जिथे कोणाची परवानगी लागत नाही तिथे उभी राहते, म्हणजे रस्त्यावर.

यातून निघणारा मार्ग फार मोठा नाही. दारापासून थोडे अलीकडे, गावठाणाबाहेर, एखाददोन शेतकऱ्यांची पडीक जमीन हंगामापुरती भाड्याने घ्यायची, तिथून दारापर्यंत पर्यटक चालत किंवा गावच्या गाडीने जाईल असे करायचे. भाड्याचे पैसे शेतकऱ्याला, पार्किंगच्या शुल्काचा वाटा ग्रामपंचायतीला. पर्यटक कुरकुरेल, पण सफारीवर हजारो रुपये खर्च करणाऱ्याला अर्धा किलोमीटर चालणे हा अन्याय म्हणता येणार नाही. रिसॉर्टचालक म्हणतील की आमचे पाहुणे आमच्याच आवारात गाड्या लावतात. ते खरे आहे, आणि म्हणून शुल्क दिवसभराच्या पाहुण्याच्या गाडीवर असावे. खनिजाच्या रस्त्यावर हाच न्याय लावला तर ट्रकांचे थांबे कंपनीने आणि वाहतूकदारांनी मिळून बांधायचे: शौचालय, पाणी, दिवा, झोपायला छप्पर. चालकाला माणसासारखी रात्र मिळाली की तो वस्तीच्या भिंतीला गाडी लावायला येणार नाही. गावच्या लोकांनीही ट्रक घेतले आहेत म्हणून हा प्रश्न उकरू नये, असे काही जण म्हणतात. ट्रकमालक गावचा असला म्हणून ओटा सोडावा लागलेल्या म्हातारीचा त्रास कमी होत नाही.

हे ठरवायचे कोणी? एटापल्ली, धानोरा, भामरागड यांसारखे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ चे. तिथल्या ग्रामसभांना गावच्या साधनांवर बोलण्याचा कायदेशीर अधिकार आहे. मेंढा-लेखासारख्या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून जंगलाचा कारभार करून दाखवला, तिथे गाड्यांचा कारभार ही फार अवघड गोष्ट नव्हे. मोहर्ली आणि कोलारा हे अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या भद्रावती आणि चिमूर तालुक्यांत येतात, तिथे साध्या ग्रामसभेवर भिस्त. पण दोन्हीकडे एक अडचण सारखीच आहे. तंटा ज्या रस्त्यावर होतो तो बहुधा ग्रामपंचायतीचा नसतो. साकोली-गडचिरोली-आष्टी-आलापल्ली-सिरोंचा हा राष्ट्रीय महामार्ग आहे, ताडोबाकडचे रस्ते सार्वजनिक बांधकाम किंवा वन विभागाचे. मोटार वाहन कायद्याचे कलम ११७ वाहनतळ आणि थांबे ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला किंवा त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याला देते, स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. ही सल्लामसलत बहुतेक वेळा कागदावरच राहते. ग्रामसभेने नुसता ‘गाड्या हटवा’ असा ठराव करून भागत नाही, तो जिल्हाधिकारी कचेरीत पडून राहतो. जागेचा गट क्रमांक, वेळा, महिने, शुल्क, वाटा आणि देखभाल कोणाकडे, एवढे लिहून दिले तर कलम ११७ खाली त्यावर निर्णय मागता येतो.

संख्या माहीत नाही ही सबब दोन्ही ठिकाणी चालण्यासारखी नाही. ताडोबाची सफारी आगाऊ ऑनलाइन आरक्षित होते. उद्या सकाळी मोहर्लीच्या दारावर किती जिप्सी सुटणार आणि म्हणून साधारण किती मोटारी बाहेर थांबणार, हे आज संध्याकाळी सांगता येते. खनिजाच्या प्रत्येक फेरीला वाहतुकीचा पास लागतो, त्यावर वेळ आणि गाडी क्रमांक असतो. आरक्षणाच्या वेळीच गाडी कुठे लावणार हे विचारून त्याचे शुल्क घेणे, आणि पास देताना पुढचा थांबा नेमून देणे, यासाठी नवा कायदा लागत नाही. वन विभाग आणि खनिकर्म विभाग यांच्या संगणकांवर एक रकाना वाढवावा लागेल आणि जमा झालेली रक्कम महिन्याच्या महिन्याला त्या त्या ग्रामपंचायतीच्या खात्यावर जावी लागेल.